दीड एकर माळ आणि मे महिन्यातली मोजणी

गेल्या रविवारी शेतावर गेले तेव्हा कपडे मापायचा टेप पर्समध्ये टाकला होता. विहिरीजवळच्या कडुनिंबाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळला तर घेर भरला बरोबर ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटाला जरासा कमी. उंची दादाने बांबू उभा करून अंदाजाने सांगितली, वीस फूट धर म्हणाला. संध्याकाळी नाशिकला घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि त्या एका झाडाचा हिशेब काढत बसले, रात्रीचे अकरा वाजले तरी उठले नाही.

मी अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते त्यामुळे आकड्यांची सवय आहे, पण हा आकडा मला महिनाभर छळत होता त्याला कारण आहे. ते सांगते, पण आधी त्या माळाबद्दल सांगायला पाहिजे.

माहेर सिन्नर तालुक्यातलं. अण्णा गेल्यावर वाटणी झाली त्यात मी स्वतःहून दीड एकर माळ मागून घेतला. खाली मुरूम, वर चार बोटं माती, विहीर दादाच्या वाट्याच्या वावरात. दादाला वाटलं ताईला प्लॉट पाडायचेत. मला तसं काही करायचं नव्हतं. लहानपणी त्या माळाच्या कडेला पळसाची रांग होती, शिमग्याच्या आधी ती पेटल्यासारखी दिसायची आणि आम्ही फुलं भिजवून रंग करायचो, आणि नंतर कधीतरी, मी नाशिकला कॉलेजात असताना, ती रांग गेली. कोणी तोडली, का तोडली, कोणी विचारलंही नाही. बांध सरळ केला, ट्रॅक्टर वळायला जागा झाली, संपलं. मला ती रांग परत पाहिजे होती, एवढीच सुरुवात.

पहिलं वर्ष २०१८. त्या वर्षी राज्यभर १३ कोटी झाडांची मोहीम होती, सगळीकडे रोपंच रोपं. आम्हाला एका ठिकाणाहून फुकट रोपं मिळाली, टेम्पो भरून, २१२. त्यात निम्मी गुलमोहर आणि ग्लिरिसिडिया, म्हणजे आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात ते, थोडं करंज, थोडं काय होतं ते आम्हालाही कळलं नाही. ऑफिसमधले वीस जण आले, फोटो झाले, वडापाव झाले. पुढच्या मे महिन्यात मी मोजली तेव्हा १९ जिवंत होती.

तेव्हा खूप वाईट वाटलं. मेलेली रोपं उपटून बघितली तर काय दिसलं, की पिशवीत मूळ गोल गोल फिरलेलं होतं, स्प्रिंगसारखं, वर्ष-दीड वर्ष नर्सरीत पडून राहिलेली रोपं होती ती. असं मूळ खाली जातच नाही, खड्ड्यातल्या खड्ड्यात फिरतं आणि मार्चपर्यंत वरचा ओलावा संपला की झाड बसतं. पाणी घातलं तरी फार फरक पडत नाही. तेव्हापासून मी कोणतंही रोप घेताना आधी पिशवीचं बूड फाडून बघते, नर्सरीवाले वैतागतात, वैतागू देत.

दुसऱ्या वर्षी मी उलट चूक केली. देशी झाडं लावायची असं ठरवलं आणि त्र्यंबकेश्वरकडून हिरडा आणला, पेठकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून मोह आणला. देशीच आहेत की. पण इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या सिन्नरच्या पूर्वेला पाचशे-सहाशे, तोसुद्धा आला तर. एकाच जिल्ह्यात! इगतपुरीहून निघून येवल्यापर्यंत गाडीने या, दोन-अडीच तासांत तुम्ही हिरव्यागार डोंगरातून बाभळीच्या माळावर येता. तेव्हा "देशी" हा शब्द एवढा मोठा घेऊन चालत नाही. ह्या गावाचं झाड कोणतं, ह्या मातीचं कोणतं, हे बघावं लागतं. हिरडे सगळे गेले. मोहाचं एक झाड अजून आहे, गुडघ्याएवढं, मरत नाही आणि वाढत नाही, मला बघवत नाही ते.

मग मी आत्याकडे जाऊन बसले. आत्या ऐंशीच्या पुढची आहे आणि तिने त्या माळावर गुरं राखलीत. तिला विचारलं, आत्या तुझ्या लहानपणी माळावर काय काय होतं गं. तिने डोळे मिटून सांगितलं, आणि झाडांच्या नावाआधी ती जागा सांगायची, "ओघळीच्या कडंला हिवर, वरल्या अंगाला बोरी, पळस तर कुठंबी, खैर दोन-तीन व्हते, आपटा आपल्या बांधाला व्हता दसऱ्याला गाव यायचं न्यायला, भोकर विहिरीपाशी." आणखी मेडशिंगी, हिंगणबेट, बेल, काटेसावर. मी वहीत लिहून घेतलं. माझ्यासाठी ती यादी कोणत्याही पुस्तकापेक्षा मोठी आहे आणि मी सगळ्यांना हेच सांगते की गावात ज्यांनी गुरं राखलीत अशी म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

त्यानंतर रोपं कमी आणि बी जास्त असं केलं. बी जागेवर टोचलं की सोटमूळ सरळ खाली जातं, वर वीतभरच दिसतं पण खाली ते कितीतरी पुढे गेलेलं असतं, आणि सिन्नरच्या उन्हाळ्यात तेच वाचवतं. प्रत्येक बियाची तऱ्हा वेगळी. लिंबोळी ताजीच पेरायची, दोन-तीन आठवडे ठेवली की उगवत नाही, म्हणून जून-जुलैत गोळा केली की त्याच आठवड्यात जमिनीत. बहाव्याच्या बीला एवढं कडक कवच की गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचं किंवा सहाणेवर एक बाजू घासायची, नाहीतर ते वर्षभर तसंच पडून राहतं. बोराची आठोळी अलगद फोडून आतलं बी काढलं तर लवकर उगवतं. आणि बाभळीचं बी, ते तर शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातून गेलेलं सगळ्यात छान, त्याबद्दल पुढे सांगते.

पाण्यासाठी दादाची जुनी ड्रिपची नळी वापरली. दादाने द्राक्षबाग काढली ना, सलग दोन वर्षं अवकाळीने मारल्यावर, तेव्हाच्या लॅटरल, अँगल, तारा सगळं पडून होतं. अँगल-तारेचं कुंपण झालं, नळ्या माळावर गेल्या. पहिले दोन उन्हाळे दहा-बारा दिवसांनी पाणी, तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, नंतर बंद. जे जगलं ते जगलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुंपण घातल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात माळावर न लावलेलं उगवायला लागलं. आधी गवत, कुसळी आणि मारवेल, कमरेएवढं. मग ठिकठिकाणी पळसाची फूट. पळस! मी ज्या रांगेसाठी रडत होते तिची खोडं जमिनीत जिवंत होती, दरवर्षी फुटायची आणि दरवर्षी शेळ्या खायच्या नाहीतर कोणी विळा मारायचं, त्यामुळे आम्हाला ती झुडपं वाटायची. तीन-चार फुटव्यांपैकी एक जाडजूड ठेवला, बाकीचे छाटले, दोन वर्षांत माणसापेक्षा उंच. लावलेल्या रोपाला हे जमणंच शक्य नाही कारण खालचं मूळ तीस-चाळीस वर्षांचं आहे.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की आफ्रिकेत नायजर देशात टोनी रिनॉडो नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाला १९८३ मध्ये हेच दिसलं होतं. तो बिचारा वाळवंटाच्या कडेला रोपं लावत होता आणि ती मरत होती, आणि एक दिवस रस्त्यात गाडी थांबवून झुडूप समजून जे बघितलं ते तोडलेल्या झाडाचं फुटलेलं खोड निघालं. तिथल्या शेतकऱ्यांनी ते फुटवे राखायला सुरुवात केली आणि वीसेक वर्षांत जवळपास ५० लाख हेक्टर शेतीवर झाडं परत उभी राहिली. रोप नाही, टेम्पो नाही, खड्डा नाही. मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

आता आकड्यावर येते. एप्रिलमध्ये गावात एक माणूस आला, कार्बन क्रेडिटवाला. ग्रामपंचायतीत बसून त्याने समजावलं की शेतात झाडं लावा, झाडं हवेतला कार्बन धरतात, बाहेरच्या कंपन्या त्याचे पैसे देतात, आम्ही तुमची नोंदणी करतो. माझ्या दीड एकराकडे बघून म्हणाला, मॅडम हे सगळं साफ करा, तीन बाय दोन मीटरवर निलगिरी घ्या, हजार झाडं बसतात. साफ करा म्हणजे? पळस, बोर, हिवर, गवत, सगळं? तर म्हणे ह्यात कार्बन काय आहे. आणि विहिरीवरचा कडुनिंब, बांधावरच्या बाभळी? तर म्हणे त्या आधीपासूनच्या आहेत, त्या हिशेबात धरत नाहीत.

त्याचं शेवटचं वाक्य नियमाप्रमाणे बरोबर होतं, हे मी मान्य करते. पैसे नवीन साठ्याचे मिळतात, जे तसंही उभंच होतं त्याचे नाहीत, नाहीतर कोणीही जुनं जंगल दाखवून पैसे घेईल. पण आधीचं साफ करून नवीन लावा हे कुठल्या हिशेबात बसतं? नंतर मी वाचलं तर व्हेरासारख्या मोठ्या नोंदणी संस्थांच्या नियमात उलट लिहिलंय की क्रेडिटसाठी नैसर्गिक वनस्पती तोडलेली जमीन असेल तर दहा वर्षं ती चालतच नाही. म्हणजे त्या माणसाचं ऐकून कोणी माळ साफ केला असता तर झाडंही गेली असती आणि पैसेही.

तेव्हा ठरवलं स्वतः हिशेब करायचा. पद्धत अशी की झाडाचा घेर, उंची आणि लाकडाची घनता ह्यावरून सुकं वजन काढतात, त्याची सूत्रं आहेत. आमच्या कडुनिंबाचं वरचं सुकं वजन आलं साधारण ७५ किलो, मुळं धरून ९०. सुक्या लाकडात जवळपास निम्मा कार्बन असतो, म्हणजे ४५ किलो. आणि तेवढा कार्बन हवेत असता तर त्याचा कार्बन डायऑक्साइड किती झाला असता, तर ३.६७ पट (कार्बन १२, कार्बन डायऑक्साइड ४४, भागून बघा), म्हणजे १६५ किलो.

हा १६५ आकडा बघून मी गप्प बसले. कारण एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि मी दर रविवारी नाशिकहून स्कूटरवर जाते, येऊन-जाऊन ७० किलोमीटर, पेट्रोल जवळजवळ दीड लिटर. पन्नास रविवारांचे झाले ७० लिटर. ७० गुणिले २.३, १६१ किलो. म्हणजे अण्णांनी लावलेल्या त्या कडुनिंबाने आजवर जेवढं साठवलंय तेवढं मी एका वर्षात फक्त झाडं बघायला जायला यायला सोडलं. पुढचे दोन रविवार एसटीने जायचं ठरवलंय.

आणि माळावरची झाडं? अजून लहान आहेत, बऱ्याचशांचा घेर मनगटाएवढा. सगळी मिळून जेमतेम एक टन कार्बन डायऑक्साइड. एक क्रेडिट म्हणजेच एक टन. आठ वर्षांत एक क्रेडिट. त्यातून मोजणीचा, तपासणीचा, मधल्या माणसाचा वाटा जाणार आणि करार ३०-४० वर्षांचा. दादा म्हणाला, ताई एवढ्यात तर कांद्याच्या गोण्याही यायच्या नाहीत.

मग कार्बनसाठी झाडं लावणं फुकट आहे का, तर तसं मला अजिबात वाटत नाही. झाडाचा साठा वयाबरोबर वाढतो आणि खोड जाड झालं की फार वेगाने वाढतो, घेर दुप्पट झाला की लाकूड दुप्पट नाही, चौपटीच्या वर होतं. म्हणजे खरी तिजोरी जुनं झाड आहे. आणि नेमकी तीच जातायत. २०२४ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून भारतातल्या शेतातली मोठी झाडं एकेक करून मोजली, आणि २०१०-११ ला दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी जवळपास ११ टक्के २०१८ पर्यंत गायब होती, आणि २०१८ ते २०२२ मध्ये आणखी ५० लाखांहून जास्त गेली. सगळ्यात जास्त जिथे गेली त्या भागांत तेलंगणा आणि आपला महाराष्ट्र. ही जंगलातली नाहीत हं, वावरातली, बांधावरची. आमची पळसाची रांग त्याच्याही आधीची, ती तर कोणत्याच आकड्यात नाही. २०२५ च्या शेवटी कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले, मीही गेले होते, आणि तेव्हाही हेच ऐकलं की एकाच्या बदल्यात दहा लावू. दहा रोपांचा घेर मी मोजलाय. मला माहितीये त्यात किती असतं.

शेतकऱ्याची बाजूही सांगते कारण माझा भाऊच शेतकरी आहे. सावलीत कांदा पोसत नाही हे खरं आहे. द्राक्षाला ऊन लागतं, झाडावर पाखरं बसतात आणि मणी फोडतात, हेही खरं. पाऊण फूट बांधावरून भाऊबंदकी चालते तिथे सामाईक बांधावरचं झाड म्हणजे भांडण. आणि १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे त्यामुळे लोकांना वाटतं उद्या आपलंच झाड आपल्याला तोडता येणार नाही, परवानगीसाठी हेलपाटे, त्यापेक्षा लावूच नका, उगवलं तर लहानपणीच काढा. म्हणून मी कोणाला सांगत नाही की चांगल्या काळ्या वावरात झाडं घाला. माळ, ओघळी, विहिरीचा काठ, नाल्याची कड, जिथे नांगर जात नाही तिथे.

आणि माळ म्हणून सगळीकडे दाट जंगलही करू नका. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर काळवीट राहतात, त्यांना गवताळ मोकळी जमीनच लागते. गवताच्या मुळांतही कार्बन असतो, मातीत, आणि वणवा लागला तरी तो तिथेच राहतो. आमच्याकडेही मी निम्मा माळ गवतालाच सोडलाय. आता त्याच्यात तित्तर ओरडतो सकाळी.

वणव्याचं निघालं म्हणून, २०२१ च्या मार्चमध्ये शेजारच्या बांधाचा पाला पेटवला आणि वारं फिरलं. चाळीस-बेचाळीस झाडं होरपळली. आई दोन दिवस जेवली नाही. पण जूनमध्ये पळस फुटला, बोर फुटली, हिवर फुटला, बुडातून परत वर. उरलेले गुलमोहर मात्र गेले ते गेलेच. आता दर फेब्रुवारीत कडेने दहा फुटांची जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढे येऊ नये म्हणून गवत नसलेला मोकळा पट्टा. वस्तीकडच्या बाजूला तर वीस फूट मोकळं ठेवलंय कारण शेजारचे नाना म्हणाले होते, "ताई, झुडपं वाढली की बिबट्या बसंल, पोरं शाळेत जातात इथून," आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

काय काय आलंय सांगू? हिवराच्या काट्याला टोचून ठेवलेला नाकतोडा बघितला मी, खाटीक पक्ष्याचं काम, पुस्तकात वाचलं होतं, आमच्या माळावर बघेन असं वाटलं नव्हतं. ऑगस्टमध्ये हिवर फुलतो तेव्हा खाली उभं राहिलं की मधमाश्यांचा नुसता घुमारा. बेलाच्या पानावर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी अळी, तिचं नंतर काळं-पिवळं फुलपाखरू होतं. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची अकरा घरटी. बोराच्या झाडाखाली कोल्ह्याची विष्ठा, त्यात बोराच्याच आठोळ्या, म्हणजे पुढची लागवड तोच करतोय.

ह्या मे महिन्याची मोजणी अशी आहे, १४२ जिवंत. ६४ रोपं लावलेली, ३१ बी टोचून आलेली आणि ४७ आपोआप आलेली किंवा जुन्या खोडाची फूट. मी मोजणी मे मध्येच करते, जुलैचा आकडा वहीत लिहीत नाही. येत्या पावसाळ्यात एकही नवीन खड्डा घ्यायचा नाही असं ठरवलंय, फक्त लिंबोळ्या आणि जुन्या फुटव्यांची छाटणी.

दादाकडे दिवाळीनंतर मेंढ्यांचा कळप बसतो, खतासाठी. मेंढपाळांशी बोलून घेतलंय, ते माळात मेंढ्या सोडत नाहीत आणि दादा त्यांना बाजरीची गोण जास्त देतो. गेल्या वर्षी मेंढ्या बसल्या त्या जागेला पावसात बाभळीची रोपं आली, लेंडीतून, रांगच्या रांग, कांदा लावायच्या आधी दादाने ती सगळी कोळप्याने काढली. मी काही बोलले नाही, वावर त्याचं आहे. रविवारी टेप गुंडाळून निघताना विहिरीकडच्या बांधावर दोन बाभळी दिसल्या, हातभर उंचीच्या, बाजूला काठी रोवलेली आणि तिला वहिनीच्या जुन्या साडीची लाल चिंधी बांधलेली, मजुरांनी विळा मारू नये म्हणून. विचारलं हे कोणी बांधलं, तर दादा मोटार चालू करायला निघून गेला.